अपठित स्वरलेखाचे वाचन : आरेत्सोपासून माजोर्ड्यापर्यंत

वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथात वाचनाच्याच एका अपरिचित शाखेचा विचार केला, तर तो अप्रस्तुत ठरू नये. मराठी वाचकाला वाचनाचे दोन प्रकार पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. पहिला पोथीवाचनाचा. चातुर्मासात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला, की वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पुढची ओवी बहुधा ठाऊकच असते. पोथी समोर असते ती आधारापुरती. दुसरा प्रकार नव्या ग्रंथाच्या मूकवाचनाचा. त्यात अडले तर मागे जाता येते, कंटाळा आला तर पान मिटता येते. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतील ‘अपठित उतारा’ या दुसऱ्या प्रकारातलाच. तो दोनदा वाचून मग उत्तरे लिहिण्याची मुभा परीक्षार्थीला असते.

पाश्चात्त्य संगीताने वाचनाचा एक तिसरा प्रकार घडविला. त्यात पूर्वी कधीही न पाहिलेला कागद वादकासमोर ठेवला जातो आणि तो त्याच क्षणी, नेमलेल्या लयीत, न थांबता वाजवून दाखवावा लागतो. चुकले तरी मागे फिरायचे नाही, कारण लय कोणासाठी थांबत नाही. या विद्येला इंग्रजीत ‘साइट-रीडिंग’ म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द रूढ झालेला नाही. शाळेतील उताऱ्याच्या आधाराने येथे ‘अपठित वादन’ असा शब्द योजला आहे. ही विद्या सर्वांत कठीण कोठे, असे विचारल्यास पियानोचे नाव घ्यावे लागेल. ती या भूमीत, म्हणजे गोव्यात, खेडोपाडी शिकविली जात होती, आणि तिच्या जोरावर शेकडो घरांची चूल मुंबईत पेटली. या गोष्टीची नोंद मराठी लेखनात क्वचितच घेतली गेली आहे.

या विद्येचा उगम मात्र पियानोत नाही, किंबहुना कोणत्याच वाद्यात नाही. तो अकराव्या शतकातील इटलीत, मठातल्या गानपाठशाळेत सापडतो. त्या काळी चर्चची स्तोत्रे गुरुमुखातून शिकावी लागत. शब्दांवर काही खुणा असत. पण स्वर वर जातो की खाली, एवढेच त्या सुचवीत. किती वर आणि किती खाली, हे ठाऊक असणाऱ्यालाच त्या खुणांचा उपयोग. सारी स्तोत्रे पाठ होण्यास दहा-दहा वर्षे लागत आणि तरीही गुरूशिवाय नवे स्तोत्र गाता येत नसे. पोम्पोसाच्या मठातील ग्विदो नावाच्या साधूला हा कालापव्यय असह्य झाला. त्याने रेषांची योजना पक्की केली. कोणती रेषा कोणत्या स्वराची हे ठरवून दिले आणि ते डोळ्यांना चटकन कळावे म्हणून दोन प्रमुख स्वरांच्या रेषांना लाल आणि पिवळा असे रंग दिले. सहबांधवांना त्याची कीर्ती रुचली नाही. ग्विदो मठ सोडून आरेत्सो येथील बिशपच्या आश्रयाला गेला आणि इतिहासात आरेत्सोचा ग्विदो म्हणूनच राहिला.

त्याची दुसरी युक्ती अधिक चतुर होती. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रातील पहिल्या सहा चरणांचे आरंभस्वर क्रमाने एकेक पायरी वर चढतात. त्या चरणांची आद्याक्षरे घेऊन त्याने उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी स्वरनामे सिद्ध केली. ‘उत्’च्या जागी पुढे ‘दो’ आले आणि सातवा ‘सी’ जोडला गेला. गोव्यातील ख्रिस्ती वस्तीत सायंकाळी ऐकू येणारे ‘दो रे मी’ ते हेच. या साधनांनी न ऐकलेले स्तोत्र गाता येऊ लागले. पोप एकोणिसावे योहान यांनी (कारकीर्द १०२४–१०३२) ग्विदोला रोमला बोलावून घेतले आणि त्याची वही चाळताना, पूर्वी न ऐकलेला एक चरण स्वतः गाऊन पाहीपर्यंत ते जागचे उठले नाहीत, असे ग्विदोने आपल्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. अपठित वाचनाची ही पहिली नोंदलेली परीक्षा म्हणता येईल.

गायकाला एका वेळी एकच स्वर वाचावयाचा असतो. कळफलकाच्या वाद्यापुढे बसणाऱ्याची स्थिती वेगळी. पियानोच्या कागदावर पाच-पाच रेषांच्या दोन ओळी एकाखाली एक असतात; वरची सामान्यतः उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची. दोन्हींची वाचनाची रीत निराळी; वरच्या ओळीत मधल्या रेषेवर जो स्वर, तो खालच्या ओळीत त्याच रेषेवर नसतो. एकाच क्षणी उभे आठ-आठ स्वर वाचावयाचे, डावीकडून उजवीकडे लय सांभाळावयाची, आरंभी सांगितलेली तीव्र-कोमल चिन्हे स्मरणात ठेवावयाची आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांतून नेमक्या पट्ट्यांवर दहा बोटे टाकावयाची. कीर्तनकाराने एक डोळा संस्कृत श्लोकावर आणि दुसरा त्याच्या प्राकृत टीकेवर ठेवून दोन्ही एकाच वेळी म्हणावीत, असाच हा प्रकार.

पियानो फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने इ. स. १७०० च्या सुमारास घडविला. त्यापूर्वी शंभर वर्षे ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड वाजविणारे एक वेगळेच वाचन करीत होते. त्यांच्यापुढे फक्त खालच्या खर्जाची एक ओळ असे आणि तिच्यावर काही आकडे मांडलेले असत. त्या आकड्यांवरून वरची सारी स्वररचना वादकाने जागच्या जागी उभी करावयाची. हे वाचन म्हणजे अर्धी रचनाच होती. त्या पिढीतील वादकाला न पाहिलेला कागद भिववीत नसे, कारण कागदावर सर्व काही लिहिलेले असते अशी त्याची समजूतच नव्हती.

त्या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे योहान सेबास्तियान बाख. त्याचा चरित्रकार फोर्केल याने १८०२ मध्ये एक कथा नोंदविली आहे. वायमार येथे असताना, आपण कोणतीही रचना प्रथमदर्शनी वाजवू शकतो, असे बाख एका मित्रापाशी म्हणाला. मित्राने त्याला न्याहारीला बोलावले आणि वाद्यावर काही कागद सहज पडल्यासारखे ठेवले. त्यांत वरकरणी साधी दिसणारी एक रचना होती. बाखने ती हाती घेतली, काही मापे वाजवली आणि अडला. पुन्हा आरंभापासून घेतली. पुन्हा तेथेच अडला. शेजारच्या खोलीत यजमान हसत होता. सर्वच काही प्रथमदर्शनी वाजविता येत नाही, ते शक्य नाही, असे बाखने तेथल्या तेथे मान्य करून टाकले. बाखसारख्याची ही कबुली विद्यार्थ्याला शंभर उपदेशांपेक्षा अधिक धीर देते.

मोझार्टच्या बाबतीत तर लेखी अहवालच उपलब्ध आहे. १७६५ मध्ये मोझार्ट कुटुंब लंडनमध्ये असताना डेन्स बॅरिंग्टन या विद्वान न्यायाधीशाने या मुलाची परीक्षा घेतली आणि तिचा वृत्तांत रॉयल सोसायटीला सादर केला. तो १७७१ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅरिंग्टनने एका द्वंद्वगीताचे हस्तलिखित बरोबर नेले होते. त्यात दोन व्हायोलिन, दोन गायक आणि खर्ज अशा पाच ओळी होत्या. मुलाने ते त्याच क्षणी योग्य लयीत वाजविले आणि वरच्या गायकाचा भाग आपण घेऊन खालचा वडिलांना दिला. वडील एक-दोनदा चुकले तेव्हा पोराने वळून त्यांच्याकडे काहीशा रागाने पाहिले.

ही करामत संगीत न जाणणाऱ्या वाचकाला कशी समजवावी, असा प्रश्न बॅरिंग्टनला पडला. त्याने दृष्टांत घेतला तो ग्रंथवाचनाचा. एखाद्या बालकाने शेक्सपिअरचे न पाहिलेले भाषण एखाद्या थोर नटाच्या हावभावांसह वाचावे आणि त्याच वेळी त्यावरील निरनिराळ्या लिप्यांतील टीकांवरूनही नजर फिरवावी, तसे हे होते, असे त्याने लिहिले. मुलाचे वय बापाने कमी करून सांगितले असावे अशी शंका त्याला आली होती. म्हणून त्याने थेट साल्झबुर्गहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवून घेतला आणि मगच अहवाल दिला. अठराव्या शतकातील विद्वत्तेची ही सचोटी उल्लेखनीय आहे.

तेरा वर्षांनी हाच मुलगा परीक्षकाच्या भूमिकेत दिसतो. १७७८ च्या जानेवारीत मानहाइमहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने आबे फोग्लर या प्रतिष्ठित वादकाचे वाभाडे काढले आहेत. फोग्लरने मोझार्टची एक रचना त्याच्यादेखत प्रथमदर्शनी वाजविली, तीही भरधाव. मोझार्टचा आक्षेप असा, की जलद वाजविणे हे सावकाश वाजविण्यापेक्षा सोपे आहे. घाईत काही स्वर गाळले, हात बदलले, तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. खरे अपठित वादन त्याच्या मते ते, ज्यात रचना तिच्या उचित लयीत, प्रत्येक स्वर आणि अलंकार जागच्या जागी आणि योग्य भावासह वाजविली जाते. ऐकणाऱ्याला वाटावे की वाजविणारा स्वतःच तिचा कर्ता आहे. या विद्येची याहून नेमकी व्याख्या पुढच्या काळातही कोणी केली नाही.

एकोणिसाव्या शतकात पियानो युरोपातील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरला. ध्वनिमुद्रणाचा शोध लागावयाचा होता. बेथोव्हेनची सिंफनी ऐकावयाची तर नगरात वाद्यवृंद हवा. तो नसेल तर तिचे पियानोवर दोघांनी मिळून, चार हातांनी वाजविण्याचे रूपांतर विकत आणावयाचे आणि घरच्या घरी वाचून काढावयाचे. ग्रंथालयातून कादंबरी आणावी तसे लोक स्वरलेखांचे गठ्ठे भाड्याने आणीत. त्यासाठी वर्गणी घेणारी वाचनालये युरोपच्या मोठ्या शहरांत होती. त्या पिढीचे अपठित वादन हे प्रदर्शन नव्हते. ती तिची रोजची साक्षरता होती. याच सुमारास फ्रान्झ लिस्ट आणि क्लारा शूमान यांनी मैफलीत कागदाशिवाय वाजविण्याची प्रथा रूढ केली. पाठांतराला प्रतिष्ठा आली आणि वाचन हळूहळू विद्यार्थ्याच्या आणि साथीदाराच्या वाट्याला गेले.

विशेष हे, की पाठांतराची प्रथा पाडणारा लिस्ट स्वतः वाचनाचा बादशहा होता. १८७० मध्ये नॉर्वेचा तरुण संगीतकार एडवर्ड ग्रीग आपल्या पियानो कॉन्चेर्तोचे हस्तलिखित घेऊन रोमला त्याच्या भेटीस गेला. मला हे वाजविता येणार नाही, असे ग्रीग म्हणाला, तेव्हा लिस्टने हस्तलिखित पुढे ओढले. एकल पियानोचा भाग आणि वाद्यवृंदाचा भाग, दोन्ही मिळून त्याने ते पहिल्याच वाचनात वाजवून दाखविले. आरंभीचा भाग काहीसा अधिक जलद गेला, असे ग्रीगने घरी लिहिलेल्या पत्रात नमूद केले; पण सर्वांत कठीण असा एकल विस्तार सर्वांत उत्तम उतरला, हेही सांगितले. शेवटाकडे एका अनपेक्षित कोमल स्वरापाशी लिस्ट एकाएकी थांबला, उठून उभा राहिला आणि तो स्वर मोठ्याने गाऊ लागला. पहिल्या वाचनात असे थांबण्याचे धैर्य त्यालाच शोभले.

मग सामान्य विद्यार्थ्याने ही विद्या साधावी कशी? रोबर्ट शूमानने १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बालोपयोगी नियमांत त्याचे उत्तर दिले आहे. कोणी अपरिचित रचना पुढे ठेवली, तर बोटे लावण्याआधी ती डोळ्यांनी वाचून घ्या, असे तो सांगतो. वाद्याच्या मदतीवाचून कागदावरून गाण्याचा प्रयत्न करावा, असाही त्याचा आग्रह आहे. पियानो-शिक्षकांची परंपराही याला धरूनच चालते. आपल्या कुवतीपेक्षा दोन पायऱ्या सोप्या रचना रोज थोड्या वाचाव्यात आणि तीच रचना पुन्हा घेऊ नये. दुसऱ्यांदा घेतली की ती अपठित राहत नाही. नजर कागदावरच असावी. पट्ट्या बोटांनी, मुख्यत्वे दोन-तीन काळ्या पट्ट्यांच्या उंचवट्यांवरून, चाचपाव्यात. स्वर चुकला तर चुकू द्यावा, पण ठोका चुकवू नये. आणि दुसऱ्याबरोबर वाजवावे. शेजारचा वादक पुढे जाऊ लागला, की थांबण्याची चैन आपोआप संपते. यांतील शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी आणि सर्वांत उपेक्षित आहे.

वाचताना प्रत्यक्षात काय घडते, यावर विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी प्रकाश टाकला. १९७४ मध्ये जॉन स्लोबोडा या इंग्रज संशोधकाने वादक वाजवीत असतानाच समोरचा कागद एकाएकी दिसेनासा करण्याची योजना केली आणि त्यानंतर तो किती स्वर बरोबर वाजवितो ते मोजले. कच्चा वाचक तीन-चार स्वरांनंतर थबके. तयार वाचक सातपर्यंत जाई. म्हणजे तयार वादकाची नजर बोटांच्या तितकी पुढे असते. ते अंतरही ठरावीक नसते; सांगीतिक वाक्य जेथे संपते तेथपर्यंत नजर धाव घेते. याचा अर्थ असा, की अपठित वादक एकेक अक्षर न वाचता शब्द आणि वाक्ये वाचतो, आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधीत जातो.

या अंदाजाचा एक गमतीदार पुरावा बोरिस गोल्डोव्स्की या पियानोवादकाने दिला. त्याची एक विद्यार्थिनी वाचनात कच्ची होती. ब्राम्सची ७६ व्या क्रमांकाच्या संग्रहातील दुसरी रचना वाजविताना तिने एके ठिकाणी भलताच स्वर दिला. गोल्डोव्स्कीने तिला दुरुस्ती करण्यास सांगितले, तेव्हा तिने कागद दाखविला. छापलेलेच तसे होते. एक चिन्ह मुद्रणात सुटले होते. आश्चर्य हे, की अनेक वर्षे असंख्य निष्णात वादकांनी ती प्रत वाचली आणि कोणालाही ती चूक दिसली नव्हती. मग कुशल वाचकांना मुद्दाम सांगून पाहिले, की या रचनेत मुद्रणदोष आहे, तो शोधा. तरीही तो त्यांना सापडेना. त्यांची बोटे छापलेला स्वर न वाजविता, असावयास हवा तोच वाजवीत. मुद्रिते तपासण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या घटनेचे मर्म निराळे सांगावयास नको.

आता गोव्याकडे वळू. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज मिशनऱ्यांनी येथील चर्चला जोडून शाळा उघडल्या. त्यांत धर्मशिक्षण, लेखन-वाचन आणि संगीत हे विषय असत. या पॅरिश-शाळेतील संगीतशिक्षकाला ‘मेस्त्रे’ म्हणत. चर्चमधील गायनवृंद सांभाळणे आणि गावच्या मुलांना स्वरवाचन शिकविणे, ही दोन्ही कामे त्याचीच. शिक्षणाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरील स्वर त्यांच्या दो-रे-मी या नावांनी, हाताने ठोका देत गाणे; आणि त्यात तयार झाल्यावर मग व्हायोलिन. वाद्य हाती येण्यापूर्वी मूल वाचू लागलेले असे. ग्विदोने सांगितलेला आणि शूमानने पुरस्कारिलेला मार्ग सासष्टी-बार्देशच्या खेड्यांत शतकानुशतके नित्याचा होता. पियानो मात्र मोजक्या सधन घरांत, भाटकारांच्या दिवाणखान्यांत असे. समुद्राच्या दमट हवेत त्याच्या तारा गंजत, लाकूड फुगे. पण वाचनाची विद्या वाद्याच्या किमतीवर अवलंबून नव्हती. व्हायोलिनवर शिकलेला मुलगा पियानोपुढे बसला, की त्याला एक ओळ आधीच वाचता येत असे. दुसरी तेवढी शिकावयाची उरे.

एकाच गावात एका वाड्यावर पोथीची ओवी आणि दुसऱ्या वाड्यावर सोल्फेज, असे दोन वाचनसंप्रदाय शेजारी-शेजारी नांदले. रायतूरच्या ज्या परिसरात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, त्याच परिसरातील सेमिनरीत पाश्चात्त्य संगीतही शिकविले जाई. तथापि या दोन वाड्यांनी एकमेकांच्या वाचनाची विचारपूस फारशी केली नाही. मराठी नाट्यसंगीतावर आपल्याकडे ग्रंथ झाले. शेजारच्या मेस्त्रेवर प्रकरणही झाले नाही, हे मान्य करावयास हवे.

पोटापाण्यासाठी गोवा सोडणाऱ्या या मुलांना त्या वाचनाने भाकर दिली. लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, हॉटेलांतील नृत्यवृंद येथे कागद पाहताक्षणी वाजविणारा माणूस हवा असे. त्यांचे सर्वांत मोठे आश्रयस्थान ठरले मुंबईची चित्रपटसृष्टी. तेथील अनेक संगीतदिग्दर्शकांना पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता येत नसे. त्यांनी चाल गुणगुणावयाची किंवा पेटीवर दाखवावयाची, आणि संयोजकाने ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहावयाचा, अशी कामाची वाटणी झाली. सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्सालविस ही नावे या संयोजकांतील. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वादकांपुढे हे हस्तलिखित कागद येत. काही तालमी होत, आणि मग सगळा वाद्यवृंद आणि गायक एकदमच मुद्रित होत. निरनिराळ्या पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करून नंतर जोडण्याची सोय नव्हती. एकाचा स्वर चुकला, तर पन्नास जणांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. मानहाइमच्या दिवाणखान्यात चूक झाली तर पत्रातून थट्टा होई. येथे रोजंदारी जाई.

माजोर्ड्याचे अँथनी प्रभु गोन्सालविस (१९२७–२०१२) हे या परंपरेचे प्रातिनिधिक उदाहरण. त्यांचे वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. मुलगा मुंबईस गेला, चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, संयोजक झाला आणि त्याने अनेक शिष्य तयार केले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीने कीर्ती मिळविली. तिच्यातील प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. १९५८ मध्ये गोन्सालविस यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. त्यासाठी राग-संगीतावर आधारलेल्या रचना त्यांनी पाश्चात्त्य लिपीत लिहिल्या. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले. परतल्यावर माजोर्ड्यास एकांतात राहिले.

त्या ध्वनिमुद्रणगृहात आणखी एक दृश्य दिसे. एका बाजूला कागद वाचणारे व्हायोलिन आणि पियानोवादक; दुसऱ्या बाजूला सतार, सारंगी, बासरी, तबल्याचे वादक. दुसऱ्या बाजूची मंडळी आपला भाग ऐकून पाठ करीत किंवा ‘सा रे ग म’मध्ये टिपून घेत. यावरून आपल्या संगीताला लिपीच नव्हती असा समज करून घेणे चुकीचे होईल. वडोदऱ्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांनी स्वरलिपी सिद्ध केली आणि १८८६ मध्ये तेथे गायनशाळा निघाली. पलुसकरांनी आणि भातखंड्यांनी आपापल्या पद्धती रचल्या. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’ने तर घराण्यांच्या कोठारांत कुलूपबंद असलेल्या शेकडो चिजा मराठी वाचकाच्या हाती दिल्या. परंतु या लिपींचा हेतू वेगळा. भातखंड्यांची चीज गायकाने शिकावी, घोकावी आणि मग तिच्यावर आपला विस्तार करावा. लिपी तेथे स्मरणासाठी आहे. ती समोर ठेवून मैफलीत गाणारा गायक हास्यास्पद ठरेल. शेजारचा वादक पुढच्याच क्षणी कोणता स्वर लावणार हे कागदावर ठरलेले असणे ही वाद्यवृंदाची गरज आहे. ख्यालगायकाला ती कधी पडलीच नाही.

म्हणून अंदाजाची विद्या आपल्याकडे नव्हती, असेही नव्हे. गायकाच्या मागे पेटी वाजविणारा साथीदार चाललेल्या तानेचा शेवट आधी ओळखतो आणि समेला तिच्या पाठोपाठ नव्हे, तिच्याबरोबर पोहोचतो. स्लोबोडाच्या वादकाची नजर सात स्वर पुढे असे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाचा कान तितकाच पुढे असला पाहिजे. तो वाचीत असे गायकाचा श्वास.

विसाव्या शतकात पॅरिश-शाळा एकेक करून मिटत गेल्या. १९५२ मध्ये आंतोनियु द फिगेरेदु यांनी पणजीत ‘आकादेमिया द म्युझिका’ स्थापिली. तिचा वारसा पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाकडे आला. पण मेस्त्रे गावागावांत होता, अकादमी राजधानीत आहे. मुंबईतही १९८० नंतर सिंथेसायझर आणि पुढे संगणक आला. वादकाने एकट्याने येऊन आपला भाग वाजवावा, चुकला तर तेवढाच दुरुस्त करावा, अशी सोय झाली आणि पन्नास जणांनी एकदम वाचण्याचे कारण उरले नाही. जुन्या गाण्यांच्या तबकड्यांवर गायक, कवी, संगीतदिग्दर्शक यांची नावे असत. ज्यांनी ते कागद वाचले त्यांची नावे बहुधा नसत. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तील एका विनोदी गाण्याच्या मुखड्यात प्यारेलालांच्या गुरूचे नाव घरोघरी पोहोचले, तेव्हा हे कोणा खऱ्या माणसाचे नाव असेल अशी शंकाही बहुतेक श्रोत्यांना आली नाही.

पियानोच्या विद्यार्थ्यांपुरते अपठित वादन आता परीक्षेच्या आधाराने टिकून आहे. १८८९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण १५० गुणांपैकी २१ गुण त्यासाठी असतात. परीक्षक कागद पुढे ठेवतो, अर्धा मिनिट पाहू देतो आणि मग वाजविण्यास सांगतो. २०२० मध्ये याच संस्थेने एक पर्यायी परीक्षा सुरू केली. तिच्यात चार तयार रचना वाजवून दाखवावयाच्या असतात. न पाहिलेला कागद तिच्यात पुढे येत नाही. ज्यांना मैफलीपुरते वाजवावयाचे आहे त्यांना ती सोयीची आहे, यात शंका नाही. गोव्यातील मेस्त्रेच्या शाळेत मात्र क्रम उलटा होता; तेथे मुलाला पहिली रचना वाजविण्यास मिळे ती वाचता येऊ लागल्यानंतरच.